बोटाची चाहूल

बालमित्रांनो, आज आधी एक कोडे घालते. असे कोणते बटण आहे, जे दाबावे लागत नाही, आत जात नाही, 'टक्' असा आवाजही करत नाही. आणि तरी आपण बोट टेकवले की त्याला बरोब्बर कळते?

आलं ना ओळखता? घरातल्या मोबाइलच्या काचेवरची बटणे! काहींच्या घरी इंडक्शनची शेगडी असेल, तिच्यावरची बटणेही बऱ्याचदा तशीच असतात. तुम्ही म्हणाल, "हॅत्! यात कसले कोडे, बाई? हे तर आमच्या घरातलं रांगतं बाळसुद्धा सांगेल."

बरं, मग पुढचे कोडे. त्या बटणाला कळते कसे?

घरच्यांना विचारून मोबाइल हातात घ्या. पेन्सिलीची मागची लाकडी बाजू काचेवर टेकवा. काच ढिम्म हलत नाही. जरा जोर द्या. तरी ढिम्मच. आता काकडीचा जाडसा तुकडा चिमटीत धरून त्याने काचेवर टिचकी मारा. काच बहुधा लगेच ओ देईल! आणखी एक गंमत आठवा. पावसाळ्यात बाबा मोबाइल प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीत घालतात. पिशवीच्या वरूनही ती बटणे चालतात. म्हणजे या बटणाला जोर नको, आणि बोटाचा प्रत्यक्ष स्पर्शही नको. मग हवे तरी काय?

हे मला गेल्या वर्षी शिकावे लागले. आणि तेही माझ्या वर्गातल्या दोन मुलांमुळे. त्याचीच ही हकिगत.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीवरच्या शाळेत चौथीला शिकवते. आमच्या वर्गात दर शनिवारी प्रश्नमंजूषा असते. चार मुले पुढे बसतात. प्रत्येकासमोर लाकडी पाटीवर दारावरच्या बेलचे एक बटण. मी प्रश्न विचारते. उत्तर येते त्याने बटण दाबायचे. ज्याची बेल आधी वाजेल, त्याने आधी बोलायचे. डी.एड.ला असताना आम्हाला शैक्षणिक साहित्य स्वतः बनवायला लावत, त्या सवयीने ही पाटीही मीच बनवली होती. मुलांचा तर ती जीव की प्राण!

वर्गात एक मुलगी आहे. तिचे खरे नाव सांगत नाही. आपण तिला चिमणी म्हणू. चिमणीच्या हातांचे स्नायू जन्मापासून अशक्त आहेत. पेन्सिल ती धरते, पण हळूहळू लिहिते. बेलच्या बटणात स्प्रिंग असते ना, ती तिच्याने दबत नाही. दोन्ही अंगठे लावले तरी दबत नाही. उत्तर मात्र तिला सगळ्यांच्या आधी येते. मग ती काय करायची? शेजारणीच्या कानात उत्तर सांगायची आणि शेजारीण बेल वाजवायची.

एका शनिवारी खेळ संपल्यावर ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, उत्तर माझं असतं. पण फळ्यावर नाव तिचं येतं."

सांगा बरं, यावर मी काय बोलणार होते?

माझा धाकटा भाऊ पुण्याजवळ भोसरीला सर्किट बोर्ड बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात कामाला आहे. गणपतीला तो घरी आला, तेव्हा पडवीत बसून मी त्याला हे सगळे सांगितले. मी म्हटले, "अरे, एखादं मऊ बटण मिळेल का रे?" तो हसला. म्हणाला, "ताई, दाबायचंच कशाला? नुसती बोटाची चाहूल लागली तरी पुरे. सर्किट बोर्डावरचं तांबंच बटण होऊ शकतं."

तांबे बटण कसे होते, हे समजायला आधी एक ओळखीची वस्तू बघू. उन्हाळ्यात पंखा रडतखडत फिरू लागला की वायरमनकाका येतात, वर बघतात आणि सांगतात, "कंडेन्सर गेलाय." हा कंडेन्सर म्हणजेच कपॅसिटर. पुस्तकातले त्याचे नाव धारित्र. त्याच्या आत धातूचे दोन पापुद्रे असतात. एकमेकांच्या अगदी जवळ, पण एकमेकांना न चिकटलेले. मधे वीज वाहू न देणारा पातळ पदर असतो. एका पापुद्र्यावर विद्युतभार ढकलला की समोरच्या पापुद्र्याच्या ओढीने तो तिथे साठून राहतो.

किती साठेल? त्याचे तीन सोपे नियम आहेत. पापुद्रे मोठे, तर जास्त साठेल. पापुद्रे जवळ, तर जास्त साठेल. आणि मधे नुसती हवा असण्यापेक्षा प्लॅस्टिक किंवा काच असेल, तरीही जास्त साठेल. हे तीन नियम लक्षात ठेवा हं, पुढे लागणार आहेत.

ही साठवण माणसाला प्रथम कळली ती १७४५-४६ च्या सुमारास. हॉलंडमधल्या लायडन गावी मुशेनब्रुक नावाचे प्राध्यापक काचेच्या बाटलीत पाणी घेऊन विजेचे प्रयोग करत होते. जर्मनीत क्लाइस्ट नावाच्या गृहस्थांनाही थोडे आधी हेच आढळले होते. बाटली हातात धरून आतल्या तारेला दुसरा हात लावताच असा काही झटका बसला, की विचारू नका! आतले पाणी हा एक पापुद्रा, काच हा मधला पदर. आणि दुसरा पापुद्रा कोणता? बाटली धरणाऱ्याचा हात!

आता आले ना ध्यानात? माणसाच्या अंगात खारट पाणी भरलेले असते, म्हणून अंगातून वीज वाहू शकते. तेव्हा आपले बोटही पापुद्र्याचे काम करते. सर्किट बोर्डावर तांब्याची एक चकती ठेवली, तिच्यावर प्लॅस्टिकचा पत्रा चिकटवला आणि त्यावर बोट टेकवले, की झाला कंडेन्सर तयार! खाली तांबे, मधे प्लॅस्टिक, वर बोट. बोट आले की चकतीवर थोडा जास्त विद्युतभार मावू लागतो. बोट उचलले की पुन्हा पहिल्यासारखे. पेन्सिलीच्या कोरड्या लाकडातून वीज सहज वाहत नाही, म्हणून त्याची चाहूल लागत नाही. काकडीत पाणी आणि क्षार असतात, म्हणून ती जणू तुमच्या बोटाचे लांबवलेले टोक होते.

पण ही वाढ किती असते, ठाऊक आहे? ही साठवण मोजण्याचे माप आहे फॅरड. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करता करता तिथली पुस्तके वाचून शास्त्रज्ञ झालेल्या मायकेल फॅरडे यांच्या नावावरून ते ठेवले आहे. हे माप फार मोठे आहे. एका फॅरडचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक पिकोफॅरड. भावाने मला हिशेब करून दाखवला. १२ मिलिमीटर व्यासाची चकती, तिच्यावर ३ मिलिमीटर जाडीचे अॅक्रिलिक आणि वर बोट. वाढ होते साधारण १ पिकोफॅरड. घरातल्या पंख्याचा कंडेन्सर बहुधा अडीच मायक्रोफॅरडचा असतो. म्हणजे बोटामुळे जे वाढते, ते पंख्याच्या कंडेन्सरच्या पंचवीस लाखाव्या हिश्शाएवढे!

मी म्हटले, "अरे, एवढंसं मोजणार कशानं?"

तो म्हणाला, "मोजायचं नाही ताई, वेळ बघायचा."

समजा, नळाला करंगळीहून बारीक धार आहे आणि तुम्ही खाली तांब्या ठेवलात. तो भरायला किती वेळ लागतो, हे तुम्ही आकडे म्हणत मोजता. रोज ३२० आकडे होतात. एके दिवशी ३३६ झाले. तुम्ही लगेच म्हणाल, "आज तांब्या मोठा दिसतोय!" तांब्या न बघताच तुम्हाला ते कळले. बोर्डावरची चिमुकली चिप हेच करते. एका मोठ्या रोधातून, म्हणजे बारीक धारेने, ती चकतीवर विद्युतभार भरते आणि ठोके मोजते. आम्ही वापरलेली चिप सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके मोजते. चकती, तिची तार आणि चिपचा पाय मिळून आधीच २० पिकोफॅरड आहेत असे धरले, आणि १० लाख ओहमचा रोध लावला, तर भरायला साधारण २० मायक्रोसेकंद, म्हणजे ३२० ठोके लागतात. १ पिकोफॅरड वाढला की ३३६. झाली चाहूल! चिप हे पुन्हा पुन्हा मोजते आणि सरासरी काढते, म्हणजे एखादा चुकार ठोका फसवत नाही.

ही युक्ती काही कालची नाही बरं का. १९२० च्या सुमारास रशियात थेरेमिन नावाच्या शास्त्रज्ञाने एक वाद्य बनवले. त्याला हात न लावताच ते वाजते! वाजवणारा हवेत हात पुढेमागे करतो, हाताच्या जवळ येण्याने साठवण बदलते आणि सूर चढतो-उतरतो. १९६५ साली इंग्लंडमध्ये मॅल्व्हर्न इथल्या रडार संशोधन संस्थेतल्या ई. ए. जॉन्सन यांनी बोटाच्या चाहुलीवर चालणाऱ्या पडद्याची माहिती छापली. विमानांची वाहतूक सांभाळणाऱ्यांना तो उपयोगी पडेल, असा त्यांचा विचार होता. २००७ नंतर असे पडदे मोबाइलवर आले आणि घरोघरी पोचले.

असो. आपण आपल्या पाटीकडे येऊ. तिचे नाव आम्ही ठेवले 'उत्तरपाटी'. प्रत्येक पाटीवर अ, ब, क, ड अशा चार चकत्या. मी प्रश्न आणि चार पर्याय सांगायचे. मुलाने आपल्या पर्यायावर हात टेकवायचा. पाटीच्या वरच्या कडेला माझ्याकडे तोंड केलेले चार बारीक दिवे. वीज फक्त तीन सेलची, म्हणजे झटक्याची भीती नाही.

भावाने मला बोर्डाचा नकाशा संगणकावर काढायला बसवले. बोर्ड म्हणजे काचेच्या धाग्यांचा, राळेसारख्या पदार्थात घट्ट केलेला १.६ मिलिमीटर जाडीचा पत्रा. त्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याचा कागदाहूनही पातळ थर असतो. नकाशाप्रमाणे हवे तेवढे तांबे झाकून ठेवतात आणि बाकीचे रसायनात विरघळवतात. उरते ती आपली चकती आणि तारा. (हे काम कारखान्यातच करायचे, घरी नाही. ती रसायने त्वचेला आणि डोळ्यांना वाईट.)

मला वाटले होते, चार गोल काढले की झाले! पण भाऊ म्हणाला, "ताई, तांब्यानं फक्त हवं ते बोट ऐकायला पाहिजे. बाकीचं सगळं ऐकून न ऐकल्यासारखं करायला पाहिजे. अवघड ते आहे."

ते मला दिसावे म्हणून त्याने तीन तऱ्हांच्या पाट्या बनवून आणल्या. तिन्हींवर चकत्या सारख्याच. फरक फक्त मागच्या बाजूला.

पहिलीच्या मागे काहीच नव्हते. ती बाकावर ठेवली की उत्तम चालायची. पण आमची मुले जमिनीवर बसून पाटी मांडीवर घेतात. मांडीवर घेतली रे घेतली, की दिवे लागले! का बरे? तांब्याला वर-खाली कळत नाही. खालून मांडी जवळ आली, तीही त्याला बोटासारखीच.

दुसरीच्या मागे अखंड तांबे होते, सेलच्या ऋण टोकाला जोडलेले. आता खालची मांडी कळेना, हे चांगले झाले. पण ते अखंड तांबेच चकतीचा दुसरा पापुद्रा होऊन बसले. पुढची साठवण आधीच इतकी वाढली, की तिच्यापुढे बोटाची वाढ फिकी पडली. भरलेल्या बाजारात कुणी हळू हाक मारावी तसे.

तिसरीच्या मागे तांब्याची जाळी होती. मासे धरायच्या जाळ्यासारखी विरळ. मांडी अडवली जाते, आणि साठवणही फार वाढत नाही. मुलांनी तिन्ही पाट्या मांडीवर घेऊन, बाकावर ठेवून, उभे राहून तपासल्या आणि तिसरीला पास केले.

तारांचेही तसेच. चकतीपासून चिपपर्यंत जाणारी तार म्हणजे एक लांबट चकतीच की! तिच्यावर बोट आले, तरी बटण लागल्यासारखे होणार. म्हणून तारा बारीक आणि आखूड ठेवायच्या, बोर्डाच्या मागच्या बाजूने न्यायच्या आणि दिव्यांच्या तारांपासून दूर ठेवायच्या. वर चिकटवायच्या अॅक्रिलिकमध्ये हवेचा फुगा राहू द्यायचा नाही. हवेतून चाहूल कमी पोचते. अर्धा मिलिमीटर हवा म्हणजे दीड मिलिमीटर अॅक्रिलिक मधे घातल्यासारखे होते. अॅक्रिलिक आम्ही २ मिलिमीटरचे घेतले. पातळ घ्यावे तर पाटी पडली की फुटणार, जाड घ्यावे तर चाहूल मंद होणार.

आता मुख्य परीक्षा. चिमणीला बोलावले.

तुमचे-आमचे बोट चकतीवर सरळ टेकते. चिमणीचे बोट सरळ राहत नाही. ती मूठ करते आणि मुठीची कड अलगद ठेवते. चकती १२ मिलिमीटरची, मोठ्या माणसाच्या बोटाच्या मापाची. मुठीची कड कधी तिच्या निम्म्या भागावर पडे, कधी बाहेरच. अर्धी चकती झाकली तर वाढही अर्धीच. पाटी कधी ऐके, कधी न ऐके.

भाऊ फोनवर म्हणाला, "तिला सांग, बोट मधोमध ठेव."

मी म्हटले, "ते तिला जमत असतं, तर बेलचं बटणही दाबलं असतं तिनं. चकती मोठी कर."

चकती २० मिलिमीटरची केली. व्यास पावणेदोन पटीहून कमीच वाढला, पण क्षेत्रफळ जवळजवळ पावणेतीन पट झाले. (पाचवी-सहावीच्या मुलांनो, गुणाकार करून बघा.) दोन चकत्यांमधले अंतरही वाढवले. मूठ चुकून दोन चकत्यांवर पडलीच, तर जिची वाढ जास्त, तीच खरी मानायची असे चिपला शिकवले.

तरी एक अडचण उरलीच. हात उचलून धरला की चिमणी दमते. म्हणून ती विचार करताना हात पाटीवर टेकवून ठेवायची, आणि तोही चकतीवरच. आता बघा, आमच्या कोकणात पावसाळ्यात हवा इतकी दमट, की बोट नसतानाही ठोक्यांचा आकडा दिवसभर थोडा थोडा सरकतो. म्हणून चिपला सांगून ठेवलेले असते: हळूहळू सरकले तर ते हवामान, त्याला नेहमीचे समज, झटकन वाढले तर ते बोट. पण हात तसाच बराच वेळ ठेवला, तर चिपला वाटणार, हेही हवामानच! मग खरे उत्तर द्यायची वेळ आली, की पाटी गप्प.

यावर उपाय चिमणीनेच सुचवला. म्हणाली, "बाई, हात ठेवायला वेगळी जागा द्या ना. लिहायच्या पाटीला कशी कड असते, तशी." किती सोपे! पाटीच्या खालच्या बाजूला चार बोटे रुंदीची पट्टी सोडली. तिथे चकती नाही, तारही नाही. हात तिथे विसावतो आणि उत्तर आले की वर सरकतो.

त्या शनिवारी फळ्यावर चिमणीचे नाव लागले. पाच प्रश्नांत चार वेळा! पाचव्या वेळी तिचे उत्तर चुकले, आणि ती चुकली म्हणूनही ती हसत होती. आपले चुकलेले उत्तरसुद्धा आपलेच असते, नाही का?

गोष्ट इथे संपली असती. पण आमच्या वर्गात राघू आहे. हेही खरे नाव नव्हे. राघूला डोळ्यांनी दिसत नाही. पाढे मात्र तो असे म्हणतो, की ऐकत राहावे. जुन्या पाटीवर तो सगळ्यांत पटाईत होता. बेलचे उंच बटण हाताला लागायचे, त्यावर बोट तयार ठेवायचे आणि उत्तर आले की दाबायचे. नवी पाटी त्याच्यासमोर ठेवली. त्याने सवयीने हात फिरवून बटणे शोधली. आणि शोधता शोधताच चारही दिवे लागून गेले!

तो म्हणाला, "बाई, ही पाटी मला बघूच देत नाही. मी बघतोय, आणि तिला वाटतं मी बोलतोय."

बालमित्रांनो, हे वाक्य मी त्या दिवशी वहीत लिहून ठेवले. आपण डोळ्यांनी बघतो आणि बोटाने सांगतो. राघू बोटानेच बघतो आणि बोटानेच सांगतो. दाबायच्या बटणात ही दोन कामे वेगळी होती: हात फिरवणे म्हणजे बघणे, दाबणे म्हणजे सांगणे. आमच्या गुळगुळीत पाटीने ती एक करून टाकली. जी पाटी चिमणीला पावली, तिनेच राघूचा खेळ काढून घेतला होता. मग काय, एकाला द्यायचे म्हणून दुसऱ्याचे काढायचे?

मुलांनी डोळे मिटून पाटी हाताळून बघितली. मग सुचवण्यांचा पाऊस पडला. त्यातल्या तीन आम्ही घेतल्या. पहिली: प्रत्येक चकतीभोवती अॅक्रिलिकचे उंच कडे चिकटवायचे आणि शेजारी ब्रेलमधले अक्षर. अ ला एक ठिपका, ब ला दोन, असे. दुसरी: हात लागताच उत्तर धरायचे नाही, पाटीने फक्त बारीक सूर काढायचा. अ चा सा, ब चा रे, क चा ग, ड चा प. तिसरी: हात एक सेकंद तिथेच थांबला, तर ते उत्तर. मग लांब सूर निघतो. मोबाइलवरही अशी सोय असते: नुसते बोट फिरवले तर तो वाचून दाखवतो आणि दोनदा टिचकी मारली तर उघडतो. आयफोनवर ही सोय २००९ साली आली. चिमणीचा हात मधेच थरथरून क्षणभर उचलला जातो, म्हणून तेवढ्या उचलण्याकडे पाटीने काणाडोळा करायचा, हेही चिपला सांगितले.

आता वर्गातला एक चपळ मुलगा उठला. तो म्हणाला, "पण बाई, एक सेकंद थांबायचं म्हणजे पहिलं कोण, ते कसं ठरणार? मग मजा काय?"

त्याचे म्हणणे अगदीच काही खोटे नव्हते. घाई करण्यातही मजा असते! बराच वाद झाला. राघू म्हणाला, "पहिलं कोण ते बघू नका. बरोबर कोण ते बघा." चपळ मुलगा म्हणाला, "एक फेरी तरी घाईची ठेवा." शेवटी असे ठरले: चार फेऱ्यांत दहा सेकंदांत सगळ्यांनी उत्तर द्यायचे, आणि जे बरोबर, त्या सगळ्यांची नावे फळ्यावर. पाचवी फेरी घाईची. तिला जुनी बेलची पाटी आणि नवी पाटी, ज्याला जी हवी ती. घाईच्या फेरीत राघू आपली जुनी बेल घेतो आणि चिमणी नवी पाटी. आजही तसाच नियम आहे.

पालकहो, दोन शब्द तुमच्यासाठीही. हल्ली गुळगुळीत बटणांच्या वस्तू घरात येतात. दिसायला छान, पुसायला सोप्या. त्या आणताना एकदा घरातल्या आजी-आजोबांना डोळे मिटून, ओल्या हाताने वापरून बघायला सांगा. पाण्याचा थेंबही बटणाला कधी कधी बोटासारखा वाटतो, आणि आजीच्या सुरकुतलेल्या, कोरड्या बोटाची चाहूल कधी कधी लागत नाही. वस्तू आजीचे ऐकत नसेल, तर आजीला वेंधळी म्हणू नका.

आणि बालमित्रांनो, तुमच्यासाठी गृहपाठ. घरात किंवा वर्गात असे कोण आहे, ज्याला एखादे बटण, कडी, नळ किंवा कुलूप जमत नाही? त्याच्याजवळ बसा. तो हात कसा टेकवतो, कुठे विसावतो, कुठे चाचपतो, ते नीट बघा. मग त्याच्यासाठी एका बटणाचे चित्र काढा. केवढे, किती उंच, कशाने ओळखायचे, हे त्यालाच विचारून लिहा. विजेच्या वस्तू मात्र उघडायच्या नाहीत हं! चित्र झाले की बाईंना किंवा गुरुजींना दाखवा.

आणि हो, काकडीचा प्रयोग झाल्यावर मोबाइलची काच पुसून ठेवा. तो काकडीचा तुकडा मात्र धुतल्याशिवाय खाऊ नका!